नोलनच्या नावावरची वासरं

मिसेस ड्वोराक पुन्हा तीच गोल फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात बघत होत्या. मी "छान दिसतेय" म्हणणार, तेवढ्यात काउंटरवरचा फोन थरथरला. कामाच्या वेळी फोन बघायचा नाही असा आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नियम आहे आणि तो मी एरवी पाळते. पण आज फोन पालथा ठेवायचा राहिला होता, आणि इतक्या अंतरावरची ओळ वाचायला मला अजून चष्मा लागत नाही. 'नोलनने नवीन वासरू नोंदवलं. आई ३१८.' नोलन माझा नवरा. गेल्या वसंतात, गाई विण्याच्या ऐन हंगामात, एका वासराच्या कानात बिल्ला मारून परत येताना टेकडीच्या उतारावर त्याची चार चाकांची फटफटी उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. वर्ष व्हायला आलं होतं त्याला. मिसेस ड्वोराकनी काहीतरी विचारलं, मी "हो" म्हणाले. "अगं, कानामागे टोचतंय का विचारत नाहीये मी, टोचतंय म्हणून सांगतेय," त्या म्हणाल्या. "हो काय म्हणतेस? दुसरी काढ." मी दुसरी काढली. ती त्यांच्या नाकावर नीट बसवली. माझे हात आपलं काम बिनबोभाट करत होते, आणि मी मात्र तिथे नव्हतेच.

मी पवनचक्कीच्या टेकडीवर होते. आमच्याकडे, म्हणजे वाळूच्या टेकड्यांत, फोनला रेंज नाही. खोलगट कुरणांत फिरताना केलेल्या नोंदी फोनच्या पोटातच राहतात. घराकडे येताना पवनचक्कीची टेकडी लागते, तिच्या माथ्यावर आलं की रेंज येते आणि दिवसभर साचलेल्या सगळ्या नोंदी एकदम वर जातात. मग स्वयंपाकघरात माझा फोन ओट्यावर नुसता नाचत सुटायचा. नोलनने वासरू नोंदवलं, नोलनने वासरू नोंदवलं, नोलनने डोस दिला. मला त्यातलं एकही वाक्य वाचावं लागत नसे. नोलन टेकडीवर आला, एवढाच त्याचा अर्थ होता. मी सोललेले बटाटे उकळायला टाकायचे, ते शिजेपर्यंत तो दारात बूट काढत असायचा. इतकी वर्षं हे असं चाललं होतं की लिंकन शहरातल्या त्या पांढऱ्याशुभ्र दुकानात, आरशांच्या भिंतीपुढे उभी असताना, मला पहिल्यांदा बटाटेच आठवले. बटाटे टाकायला हवेत. मग कळलं. आणि कळल्यावरही मनाने एक पळवाट शोधलीच. एखादी जुनी नोंद फोनच्या पोटात अडकून राहिली असेल आणि वर्षभराने तो फोन कुणी रेंजमध्ये नेला असेल. असं होतं. नोलनने त्या सकाळी लिहिलेलं काहीतरी आत्ता माझ्यापर्यंत पोचलं असेल.

सुट्टीत मागच्या पार्किंगमध्ये जाऊन मी गाई-वासरांच्या नोंदींचं ॲप उघडलं. तारीख आजची होती. गोऱ्हा, आईचा स्वभाव ठीक, आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'उभा राहिला. प्यायला. आई नेहमीसारखीच मास्तरीण.' ३१८ला मास्तरीण म्हणणारा जगात एकच माणूस होता. ती गाय मान वर करून, नाकावरून बघते, म्हणून. मी नोलनचा नंबर लावला. तो अजून माझ्या फोनवर सगळ्यात वर आहे.

"हॅलो, नोलनचा फोन," नोलनच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.

मी फोन कानाशी तसाच धरून राहिले.

"कोरी? तूच ना? अगं, नाव दिसतंय इथे. 'बायको' म्हणून आहेस तू."

तो ब्रेंट होता, नोलनचा धाकटा भाऊ. नोलन गेल्यावर वीज कंपनीतली खांबांवर चढायची नोकरी सोडून तो कर्नीहून घरी आला होता. "तू त्याचा फोन वापरतोयस?" मी विचारलं.

"बाबांनी दिला. कोट दिला, टोपी दिली, फोन दिला. बूट तेवढे बसेनात," तो हसला. "त्यात सगळं भरलेलंच होतं ना, गाई, वासरं, सगळं. परत पहिल्यापासून कोण बसणार? तुला सूचना येत असतील हे डोक्यातच आलं नाही बघ. बंद करून टाक ना."

"करते," मी म्हणाले. केल्या मात्र नाहीत.

ते ॲप घरात आणलं मी. त्याआधी सासऱ्यांच्या, म्हणजे व्हर्नच्या, शर्टाच्या खिशात एक चिमुकली वही असायची आणि वर्षाआड एकदा ती शर्टाबरोबर धुऊन निघायची. एका वसंतातल्या सगळ्या वासरांच्या नोंदींचा मी स्वतःच्या हाताने वॉशिंग मशीनमध्ये लगदा केला, तेव्हा हट्टाला पेटले. सासरे म्हणाले, "कुठलं वासरू आपलं ते गाईला कळतं. फोनला कशाला सांगत बसायचं?" पण नोलनला ते आवडलं. गडी बोलायला कंजूष, पण शेऱ्याचा रकाना दिसला की त्याची बोटं सुटायची. 'हिला माझी टोपी आवडत नाही.' 'गुणी आई. थोडी खडूस.' 'हिच्या वासराने मला लोळवलं. वासरू चांगलं आहे.' मी संध्याकाळी टेबलाशी ते मोठ्याने वाचायचे आणि सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून हसायच्या. त्यांच्यासाठी एक टॅबलेट स्वयंपाकघरात लावून दिला होता. त्यात नाव विचारलं तर म्हणाल्या, "मी काही माझं नाव घालणार नाही त्यात. मी नुसती बघणार." म्हणून मी 'किचन' असं टाकलं. अशी आम्ही तिघं होतो त्यात, नोलन, कॉरिन म्हणजे मी, आणि किचन. प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचं नाव आपोआप उमटायचं. मालकीण मी, पासवर्ड माझ्याकडे, दुसऱ्याने काही लिहिलं की सूचना मला. स्वतः केलेल्या नोंदीची अर्थातच स्वतःला येत नाही.

नोलनला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खाताना मला 'जा' असं कुणी म्हणालं नाही. 'राहा' असंही कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे कुरण मुलाचं असतं, मग त्याच्या मुलांचं असतं. आम्हाला मुलं नव्हती, त्यामुळे माझं काय असतं हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. उन्हाळाभर मी त्या घरात पाहुण्यासारखी ताटं धुतली. एक दिवस सासूबाईंनी माळ्यावरून चांगले, कोपरे न दबलेले खोके काढून पुसून ठेवले. कशाला ते बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मला लिंकनला नोकरी मिळतेय असं मी सांगितलं, तेव्हा सगळे एकदम "चांगलं आहे, चांगलं आहे" म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, ते मला माहीत आहे. पण त्या 'चांगलं आहे'चा मला अजून राग येतो. अंगात ताप मुरावा तसा तो राग मुरला आहे.

तर सूचना मी बंद केल्या नाहीत. उलट फोन काउंटरवर उताणा ठेवायला लागले. संध्याकाळी, दोन खोल्यांच्या माझ्या त्या घरात, ओट्याशी उभी राहून मी एकटीपुरते बटाटे सोलायचे आणि थांबायचे. फोन नाचायला लागला की ते उकळत्या पाण्यात टाकायचे. ब्रेंट टेकडीवर आलाय, हे मला कळत होतं. पण फोनवर नाव नोलनचं असायचं आणि शेरे नोलनचे असायचे. 'आज वारा असा की वासरू आडवं चालत होतं.' मी एकटी हसायचे. मी त्या दिवसांत सुखी होते. इतकी सुखी की दुकानातली सोबतीण म्हणाली, "काय गं, कुणी भेटलंय वाटतं." मी "हो, जुनाच आहे" म्हणाले आणि मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एका शनिवारी दुपारी ब्रेंटचा फोन आला, आणि त्याच्या आवाजात ती नेहमीची थट्टा नव्हती.

"कोरी, त्यातलं नोलनचं नाव काढ. पासवर्ड तुझ्याकडेच आहे."

"का? आत्ता काय झालं?"

"मी लिहितो आणि खाली त्याचं नाव येतं. बैल बघायला आलेला माणूस परवा आईला म्हणाला, तुमच्या थोरल्याच्या नोंदी म्हणजे आरसा. मी समोर उभा होतो, कोरी. आई म्हणाली, हो, तो पहिल्यापासूनच नीटनेटका."

"पण शेरे?" मी विचारलं. "ते तर अगदी..."

"ते मी त्याचे जुने वाचून लिहितो. त्याच्यासारखे," तो म्हणाला. "आई सकाळी वाचते ना. सुरुवातीची एक-दोन वासरं मी बाबांच्या वहीत लिहिली होती, माझ्या शब्दांत. 'बरं आहे.' एवढंच. तर दिवसभर माझ्या मागे, काय झालं, काय बिनसलं, वासरू आजारी आहे का. मग म्हटलं जाऊ दे, तिला बरं वाटतंय तर वाटू दे." मग म्हणाला, "काल ४०६चं वासरू मेलेलंच निघालं. दुसऱ्या एका गाईला जुळं होतं, त्यातलं एक आणलं. मेलेल्याचं कातडं सोलून त्याच्या पाठीवर बांधलं. तिने हुंगलं आणि आपलं म्हणून घेतलं. ते कातडं किती ठेवतात गं, कोरी?"

"दोन-चार दिवस," मी म्हणाले. हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं.

"का काढतात?"

"कुजतं म्हणून. खालच्या वासराला फोड येतात."

"हां," ब्रेंट म्हणाला. "बाबा अजून मला एकदाही नोलन म्हणालेले नाहीत. पण ब्रेंटही म्हणत नाहीत. 'ए' म्हणतात. नाही काढलंस तर मी वासरांची डागणी उरकून देतो आणि परत कर्नीला जातो. तिथे निदान हेल्मेटवर माझं नाव आहे."

त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्या आधी हवेचं बोलल्या, मग माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं. "ब्रेंट बोलला तुझ्याशी?"

"हो."

"मला वेड लागलेलं नाही, कॉरिन. माझं पोर कुठे पुरलंय ते मला माहीत आहे. दर रविवारी जाते मी तिथे. पण सकाळी कॉफी घेऊन बसले की नव्या वासराखाली त्याचं नाव असतं. तेवढंच. हा एक हंगाम जाऊ दे गं. कुणाचं काय जातं त्यात?"

"ब्रेंटचं जातं."

"ब्रेंट जिवंत आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्याला काय कमी आहे?"

मला त्यांचा संताप यायला हवा होता. तो आला नाही, कारण मीही तेच मागत होते. आमच्यात फरक इतकाच, की त्या कॉफी घेऊन बसायच्या आणि मी बटाटे घेऊन. एक जिवंत माणूस वर्षभर भावाच्या कोटात फिरत होता, त्याच्या आवाजात फोन उचलत होता, त्याचे विनोद जुळवत होता, आणि आम्ही दोघी बाया त्या कोटाला नाक लावून समाधानाने उभ्या होतो. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला ब्रेंटचा चेहरा आठवायचा प्रयत्न करावा लागला, आणि तो आठवेना. दाढी आहे, तांबूस, एवढं आठवलं. आमच्या लग्नात तो नाचला होता की नव्हता, तेही आठवेना. घरातल्या धाकट्याकडे आम्ही कुणी कधी नीट बघितलंच नव्हतं. तो खांबावर चढायला निघून गेला तेव्हा सगळे म्हणाले असतील, चांगलं आहे, चांगलं आहे.

रविवारी मी गाडी काढली. ब्रोकन बो गाव मागे पडलं की झाडं संपतात आणि गवताच्या टेकड्या एकीमागून एक यायला लागतात. मला वाटलं होतं रडू येईल, पण नुसती झोप येत राहिली. पवनचक्कीच्या टेकडीवर माझ्याच फोनला रेंज आली, आणि कुठल्याशा दुकानाची जाहिरात वाजली. कुंपणाशी नोलन पाठमोरा उभा होता. तोच विटका कोट, उजव्या कोपराला मी घातलेलं ठिगळ, तसाच एक खांदा खाली. मी गाडीचं दार धरून उभी राहिले आणि तो वळेपर्यंतचा तो एवढासा वेळ मी त्याला नोलनच राहू दिलं. मग तांबूस दाढी दिसली. "आलीस?" ब्रेंट म्हणाला. "ये, कातडं काढतायत."

सासरे आत गुडघ्यावर बसून चाकूने सुतळ्या कापत होते. वाळलेलं, कडा गुंडाळलेलं कातडं त्यांनी वासराच्या पाठीवरून उचललं आणि कुंपणापलीकडे फेकलं. त्याचा वास माझ्यापर्यंत आला. खालचं वासरू आधी होतं त्याहून लहान दिसायला लागलं, आणि ओशाळल्यासारखं जागेवरच उभं राहिलं. ४०६ जवळ आली. तिने त्याची पाठ हुंगली, शेपटी हुंगली, आणि डोक्याने एक ढुशी दिली. वासरू पडलं. उठलं. ब्रेंट एक पाय कुंपणावर टाकून आत उतरायला निघाला तसे सासरे म्हणाले, "ए, थांब. तिचं तिला ठरवू दे." आम्ही दोघं घरात आलो. ते तिथेच थांबले.

टेबलावर खिमा-राजम्याची चिली होती, दालचिनीचे रोल होते, आणि दोन्हींच्या मध्ये सासूबाईंनी टॅबलेट पुसून ठेवला होता. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी माझ्या गालाला गाल लावला आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. ब्रेंटसाठी नवीन खातं उघडायचं म्हणजे फोनमधून नोलनला पूर्ण बाहेर काढायला हवं होतं, आणि तसं केलं की फोनच्या पोटातल्या न गेलेल्या नोंदी पुसल्या जातात. ब्रेंट सकाळभर दक्षिणेच्या कुरणात होता, आणि त्या दिवशी टेकडीकडून न येता खालच्या वाटेने घरी आला होता. घरच्या वाय-फायला तो फोन जोडलेला नव्हता, त्यामुळे त्याचं सकाळचं सगळं काम अजून त्या फोनमध्येच होतं. ते जाऊ नये म्हणून मी सोपा रस्ता धरला. नोलनच्या खात्यात शिरले, नावाची अक्षरं खोडली आणि तिथे ब्रेंटची टाकली. बटण दाबताना हाताला काही वाटलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल.

"झालं?" ब्रेंटने विचारलं.

"झालं."

सासूबाईंनी दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला, टॅबलेट ओढून घेतला आणि त्या बोटाने पान सरकवत राहिल्या. आजचं, परवाचं, गेल्या आठवड्याचं. त्या थांबेनात. बर्फ मागे गेलं, डागणी मागे गेली, मागचा वसंत आला, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा. "हे काय, कॉरिन?" त्या म्हणाल्या. मी वाकून बघितलं. पहिल्या वासरापासून सगळीकडे ब्रेंट होता. खातं एकच, म्हणून नाव बदलल्यावर सगळंच्या सगळं बदललं होतं. 'हिला माझी टोपी आवडत नाही', खाली ब्रेंट. 'गुणी आई. थोडी खडूस', खाली ब्रेंट. सासूबाई परत पुढे आल्या आणि मागच्या वसंतातल्या त्या दिवसावर बोट ठेवून थांबल्या. "त्या दिवशीही ब्रेंट," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तर ब्रेंट कर्नीला होता. खांबावर." त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. पण ब्रेंटचा चेहरा मी बघितला, आणि आता तो मी कधी विसरणार नाही.

"परत कर, कोरी," तो म्हणाला. "आहे तसं कर. नोलनच राहू दे. मी काय, मी लिहीत जाईन."

परत करणं सोपं होतं. अक्षरं पुन्हा खोडायची, पुन्हा टाकायची. पण एका खात्यात दोघं मावत नव्हते. जिवंताचं मेलेल्याला द्यायचं, नाहीतर मेलेल्याचं जिवंताला. मी बोट पुढे केलं, आणि सासूबाईंनी काचेवर आपला तळहात पालथा ठेवला. ओला, पिठाचा हात. "राहू दे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात सासरे आले. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि आपल्या खुर्चीत बसले.

"घेतलं तिने," ते म्हणाले. "पितंय." त्यांनी चिलीचा एक घास घेतला. "ब्रेंट, ते मीठ सरकव इकडे."

ब्रेंटने आधी त्यांच्याकडे बघितलं. मग त्याने मीठ सरकवलं.

लिंकनला परतल्यावर मी ते ॲप वरपासून खालपर्यंत पालथं घातलं. नोलन कुठेच नव्हता. घरातून, कुरणातून, कपाटातून तो आधीच गेला होता. ही एक जागा उरली होती, आणि तिथून त्याला मी काढलं, तेही नीट वाचायचं सोडून सोपं म्हणून. मला स्वतःची किळस आली. बटाटे विकत आणणं मी बंद केलं.

मंगळवारी दुकानात फोन थरथरला. 'किचनने नोंद बदलली.' मला वाटलं चुकून हात लागला असेल. मग परत. मग परत. उघडून बघितलं. पहिल्या वसंतातलं पहिलं वासरू होतं. नोलनच्या शेऱ्याखाली एक नवीन शब्द होता, 'नोलन'. दुसऱ्या वासराखालीही तोच, आणि तिसऱ्याखालीही. ज्या बाईने आपलं नाव त्यात घालायचं नाकारलं होतं, ती एका बोटाने अक्षर शोधून शोधून त्याचं नाव लिहीत होती. सगळी वासरं, सगळे वसंत. दिवसभर फोन थांबेना. सोबतीण म्हणाली, "आज फारच आठवण काढतोय वाटतं."

ब्रेंटने फोन केला तो वैतागून. "आई टेबलावरून उठत नाही. बाबा स्वयंपाक करतायत, म्हणजे सकाळी अंडी आणि संध्याकाळी अंडी. मी म्हटलं कंपनीला विचारू, एकदम होत असेल. तर अंगावर आली माझ्या. म्हणे, त्याने काय एकदम धरली होती का वासरं?" मग तो हसला, आणि त्याचं हसणं मला पहिल्यांदाच नोलनसारखं वाटलं नाही. मधूनमधून त्याच्याही सूचना येत होत्या. 'ब्रेंटने नवीन वासरू नोंदवलं. बरं आहे.' त्यावर कुणी काय बिनसलं म्हणून विचारत नसावं.

मग एक दिवस किचन गप्प झालं. दुसऱ्या दिवशीही गप्प. मी उघडून बघत गेले. प्रत्येक वासराखाली तो शब्द होता. मागच्या वसंतापर्यंत, त्या दिवसापर्यंत, त्या सकाळच्या एकेका वासरापर्यंत. फक्त अगदी शेवटचं कोरं होतं. मी सासूबाईंना फोन लावला. "एक राहिलंय."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ते तुझं." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

ते मी लगेच उघडलं नाही. उघडलं ते शुक्रवारी, दुकानात, मिसेस ड्वोराक आपला नवा चष्मा घ्यायला आल्या होत्या तेव्हा. आतमध्ये डॉक्टर त्यांचा चष्मा तपासत होते. काउंटरशी मी एकटीच होते. शेरा मला पाठ होता. 'कालवड. उभी राहिली. प्यायली. मला भूक लागलीय.' ही नोंद त्याच्याबरोबर उतारावर पडून राहिली होती, कोटाच्या खिशात, फोनच्या पोटात. सासऱ्यांनी त्याला पिकअपमध्ये घालून घरी आणलं, पवनचक्कीच्या टेकडीवरून, आणि माथ्यावर येताच त्याच्या सगळ्या नोंदी एकदम वर गेल्या. ओट्यावर माझा फोन नाचला होता. नोलनने वासरू नोंदवलं, नोलनने वासरू नोंदवलं. मी बटाटे उकळायला टाकले होते.

मी त्या शेऱ्याखाली 'नोलन' लिहिलं आणि बटण दाबलं. स्वतः केलेल्या नोंदीची सूचना स्वतःला येत नाही. तरी मी फोन हातात धरून उभी राहिले. आतून मिसेस ड्वोराक बाहेर आल्या आणि नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, आता दिसतेयस मला. रडतेयस का तू?"